मीनाची फी

आमच्या ऑफिसात बाईंसमोर ‘फक्त’ म्हणायची सोय नव्हती. कुणी फोनवर गिऱ्हाइकाला नुसतं “सर, ओन्ली...” म्हटलं, की कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचा, “कुणासाठी ओन्ली?” फोनवरच्या माणसालाही तो ऐकू जायचा.

दोह्यातल्या अल नस्र भागातल्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत मी इंटर्न म्हणून होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी ऑफिस. शेवटी मॅनेजरच्या सहीचं सर्टिफिकेट मिळणार होतं आणि त्यावर माझं सेमिस्टर अवलंबून होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. बाबा ट्रेलर चालवतात. त्यामुळे ऑफिसात कसं बसायचं, मोठ्यांशी किती बोलायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी बाईंना ‘मॅडम’ म्हटलं.

“मॅडम नको म्हणूस,” त्या म्हणाल्या. “मॅडम म्हटलं की पुढचं वाक्य खोटं असतं. बाई म्हण.”

तेव्हापासून बाई. बाईंचं खरं नाव त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण पाटीसमोर कायम करक चहाचा कप ठेवलेला असायचा. त्या मूळच्या मालवणकडच्या. बाहेर दोहा भाजून निघत असताना या बाई आत बिस्किटी रंगाचा स्वेटर घालून बसायच्या आणि एसीकडे बघून “मेल्या” म्हणायच्या. रागावल्या की हिंदी, इंग्रजी सगळं गळून पडायचं आणि मालवणी उरायची. समोरच्याला एक अक्षर कळायचं नाही, पण आपली चूक झालीय एवढं नक्की कळायचं.

त्यांच्याकडे क्रूझचं काउंटर होतं. दोह्याहून निघायचं, आखातातलं एखाद-दुसरं बंदर करायचं आणि तीन-चार रात्रींत परत यायचं, असल्या छोट्या सफरी. आमच्या काचेवर त्याचं मोठं पोस्टर होतं. पांढरं जहाज, निळं पाणी आणि कोपऱ्यात एक लठ्ठ आकडा. त्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की टॅक्स आणि पोर्ट फी वेगळी. बाई रोज सकाळी मार्कर घेऊन काचेवर, बरोबर त्या आकड्याशेजारी, हाताएवढ्या अक्षरांत लिहायच्या, ‘प्लस मीना’. मॅनेजर आला की टिश्यूने पुसायचा. दुपारी ते परत तिथे असायचं.

ही मीना म्हणजे बंदर. अरबीत बंदराला मीना म्हणतात. जुन्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांवरही ते असतं. पण बाईंनी हा शब्द हौसेने उचललेला नव्हता. सुरुवातीला त्या सरळ आपला मराठी शब्द हिंदीत घालायच्या. एकदा एका उत्तरेकडच्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं, “भाईसाब, बंदर का पैसा अलग लगेगा.” ते गृहस्थ बायकोकडे बघून म्हणाले, “मॅडम, हमें बंदर-वंदर नहीं देखना. सिर्फ जहाज में बैठना है.”

मग बाईंनी ‘पोर्ट’ म्हणून पाहिलं. कामगारांच्या कॅम्पातून येणारी माणसं ‘पोर्ट’ ऐकलं की खिशातून पासपोर्ट काढून पुढे करायची. शेवटी मीना ठरली. व्हिसा काउंटरवरचा अन्वर तिला मीनाबाई म्हणायचा. गिऱ्हाइकाला बिल देताना हळूच म्हणायचा, “इसमें मीनाबाई का हिस्सा भी है.” सगळे हसायचे. मीही हसत असे, कारण विनोद चांगला होता.

पण बाईंना त्या पैशाची चीड का येते, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. जगात सगळीकडेच टॅक्स असतो. मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी मला बाहेर गल्लीतल्या करकवाल्याकडे नेलं आणि समोरून जाणाऱ्या टॅक्सीकडे बोट दाखवलं.

“टॅक्सीत बसल्या बसल्या मीटरवर एक आकडा पडतो ना? टॅक्सी अजून हललेली नसते.”

“हो.”

“तू अल रय्यानला जा, नाहीतर त्या कोपऱ्यावर उतर. तो पहिला आकडा तेवढाच. लांब गेलीस तर तो जाणवत नाही. कोपऱ्यावर उतरलीस तर तुझं सगळं भाडं म्हणजे तोच. छोटी सफर म्हणजे कोपऱ्यावर उतरणं. बंदर रात्री मोजत नाही गो, डोकी मोजतं. जहाज तिथे टेकलं की माणशी पैसे. सफर छोटी म्हणून बंदर सूट देत नाही. हे जहाजवाले भाडं पाडतात, पोस्टरवर पाडलेलं भाडं छापतात, आणि माणूस काउंटरवर आला की वर तेवढंच दुसरं निघतं.”

“पण लिहिलेलं असतं ना खाली?”

“कुणाला दिसेल असं लिहिलंय? तुझ्या बाबांना दिसेल?”

 मला कॉलेजचा पहिला दिवस आठवला. बाबा ब्रोशरवरची फी घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता लॅब फी, अॅक्टिव्हिटी फी आणि कसली कसली फी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “हां हां, तर. पुढच्या आठवड्यात आणतो,” जणू त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. बाहेर आल्यावर ते गाडीपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिले. मी हे बाईंना सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी नेमकं बाबांनाच पुढे आणलं.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला होता. कसलीही किंमत कानावर पडली की विचारायच्या, “आतली की बाहेरची?” आतली म्हणजे सगळं धरून आणि बाहेरची म्हणजे काचेवर लावलेली. भाजीवाल्याला विचारायच्या, सलूनवालीला विचारायच्या. एकदा मराठी मंडळींच्या स्नेहभोजनाच्या तिकिटाबद्दल विचारलं. आयोजक हसत म्हणाले, “मावशी, पाण्याची बाटली तेवढी वेगळी.” त्यावरून असा वाद झाला, की पुढच्या वर्षी बाईंना निमंत्रणच आलं नाही. मला एकदा म्हणाल्या, “आज गप्प का?” मी म्हटलं, “काही नाही, ठीक आहे.” तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आतलं ठीक की बाहेरचं?”

लोक त्यांना भांडकुदळ म्हणायचे. आपलीच माणसं म्हणायची, याचा मला आजही राग येतो. एकदा वारा इतका होता की जहाज एका बंदरात शिरलंच नाही, पुढे निघून गेलं. आमच्याकडून आयटीवाल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप त्यावर होता. न आलेल्या बंदराचे पैसे कंपनीने एजन्सीकडे परत पाठवले. बाई एकेकाला फोन करायला बसल्या. “बंदरच आलं नाही, तर बंदराचे पैसे कसले? येऊन घेऊन जा.” तर एक साहेब म्हणाले, “अहो मावशी, राहू द्या हो. किती ते!”

बाईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच बघितलं. मग म्हणाल्या, “किती ते मला विचारू नका. तुमचं आहे की नाही, तेवढं सांगा. तुम्ही राहू द्या म्हणता, म्हणून हे लोक पुढच्याचंही ठेवून घेतात. तुमचा पगार मोठा, म्हणून त्यांची चोरी लहान होत नाही!”

ते साहेब पैसे न्यायला आले नाहीत. त्यांनी मॅनेजरला ईमेल पाठवला, की तुमच्या स्टाफची भाषा उर्मट आहे. मॅनेजरने बाईंना केबिनमध्ये बोलावलं. केबिन काचेची होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“मॅडम, आप कस्टमर का काम करती हैं या कंपनी का?”

“टिकट का काम करती हूँ.”

“आपका कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होना है. याद है ना?”

बाईंना ते चांगलंच आठवत होतं. नोकरी गेली तर कतारमधला मुक्काम गेला. आणि त्यांना जायचं नव्हतं. “तिकडे जाऊन कुणाशी भांडू?” त्या मला म्हणायच्या. “तिकडे सगळे नातेवाईक. इथे निदान परक्यांशी भांडता येतं.” हे म्हणताना त्या हसायच्या, पण रिन्यूअलचा विषय निघाला की कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसायच्या. त्या दिवसापासून काही दिवस काचेवर मीना उमटली नाही. अन्वर म्हणाला, “मीनाबाई छुट्टी पर गई.”

आणि मग गायकवाड आले.

गायकवाड क्रेन चालवायचे. सोलापूरकडचे, इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पात राहणारे. बायको आणि लहान मुलगी पहिल्यांदाच इथे व्हिजिटवर आल्या होत्या. एशियन टाउनमध्ये आमचं पोस्टर त्यांनी पाहिलं होतं. त्यावर ‘मुलं फुकट’ असं होतं. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. मॅनेजरने स्वतः त्यांना तिकिटं विकली, चहा पाजला, मुलीला कागदी जहाज दिलं. दुसऱ्या दिवशी ते बाकीचे पैसे भरायला आले, तेव्हा बाई होत्या. बाईंनी बिलावर पोर्ट फीच्या रकमेपुढे ‘मीना’ लिहिलेलं होतं. ते बघून गायकवाड काउंटरला टेकले.

“ताई, ही मीना कोण?”

अन्वरने तोंडावर फाइल धरली.

“तुमच्या हापिसातली हाय का? न्हाई, साहेबांनी काय तिचं सांगितलं न्हवतं. पोरीचं तर फुकट म्हनले व्हते. आन् हिनं पोरीचं बी घेतलंय.”

मी हसले नाही. बाईही हसल्या नाहीत. त्यांनी टॅक्सीचा मीटर सांगितला, बंदर डोकी मोजतं ते सांगितलं. “मुलीचं भाडं फुकट. मुलीचं बंदर फुकट नाही. बंदराला मूल दिसत नाही हो, डोकं दिसतं.” गायकवाडांनी सगळं ऐकून मान हलवली आणि पैसे भरले. त्यांच्या बायकोने विचारलं, “मग त्या मीनाबाई बोटीवर असत्यात का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “ती धक्क्यावर असते.”

सफरीच्या दिवशी ते तिघं बंदरावर गेले. बायको आणि मुलीला तिथेच थांबवलं. त्यांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा होता. जहाज दुसऱ्या देशाच्या बंदराला लागणार, म्हणजे इथून बाहेर पडणं आलं, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत येणं नाही. गायकवाडांना एकट्याला जाता आलं असतं. त्यांना तसं सांगण्यातही आलं. जहाज निघेपर्यंत ते तिघं बॅगांवर बसून राहिले, आणि सकाळी त्याच बॅगा घेऊन आमच्याकडे आले. मुलीच्या हातात ते कागदी जहाज होतं. तिला वाटत होतं आज जायचंय.

हे लिहिताना मला आजही शांत राहता येत नाही. एक प्रश्न विचारायचा होता. “वहिनींचा व्हिसा कसला?” एवढाच. आम्ही ट्रॅव्हल एजन्सी होतो, आमच्याकडे व्हिसाचं वेगळं काउंटर होतं, त्यावर दिवसभर विनोद करणारा माणूस बसला होता. चहा पाजायला वेळ होता, तो प्रश्न विचारायला नव्हता.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. “नो शो,” तो म्हणाला. “जहाज गेलं, तुम्ही नाही गेलात. नॉन रिफंडेबल. खलास.” हे त्याने हिंदीत, पण फार गोड आवाजात सांगितलं.

गायकवाडांची बायको नवऱ्याला म्हणाली, “म्या म्हनत व्हते का बोटीचं? इमानानं आले तेवढं बास न्हवतं व्हय?” आणि मग आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बाई उठल्या. स्वेटरची बटणं लावली.

“भाडा खलास,” त्या मॅनेजरला म्हणाल्या. “और मीना?”

“वो भी खलास.”

“कित्याक? इनका डोका बंदर पे गया क्या? किसने गिना?”

“मॅडम, बैठ जाइए.”

बाई बसल्या. बसून त्यांनी टेबलावरचा फोन पुढे ओढला, स्पीकर लावला आणि जहाज कंपनीच्या ऑफिसचा नंबर फिरवला. मॅनेजर “मॅडम, रिन्यूअल,” एवढंच म्हणाला. पलीकडे एका मुलीने फोन उचलला होता.

“पॅसेंजर नो गो,” बाई त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. “पोर्ट फी यू कीप?”

“नो मॅडम,” ती मुलगी म्हणाली. “टॅक्स अँड पोर्ट फी वुई रिटर्न टू द एजन्सी. ऑलवेज.”

“ऑलवेज?”

“ऑलवेज, मॅडम.”

  अन्वरने हातातली फाइल खाली ठेवली. जहाज चुकलेली कितीतरी माणसं आमच्याकडून रिकाम्या हातांनी परत गेलेली मी पाहिली होती. त्यांना खलास सांगितलं होतं. कुणी आजारी पडला होता, कुणाला कंपनीने ऐनवेळी रजा नाकारली होती. त्या सगळ्यांची मीना परत येत होती. आणि ऑलवेज इथेच थांबत होती.

“ऑलवेज,” बाई मॅनेजरकडे बघून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मला तर वाटलं त्यांना रडू येतंय. “काय रे ह्यां?”

त्याने ड्रॉवर उघडला आणि नोटा काउंटरवर टाकल्या. “सर्विस चार्ज होता है,” असं काहीतरी तो पुटपुटला. मग “यल्ला, यल्ला, चलो,” म्हणत केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. काचेचं दार, आतला माणूस सगळा दिसत होता.

गायकवाडांनी नोटा न मोजता खिशात ठेवल्या आणि बाईंना हात जोडले. “भाडं गेलं ते गेलं. पन तुमी तुमचं परत दिलं. मीना मॅडम, लई उपकार.”

मी बाईंकडे बघितलं. त्यांना आता टॅक्सीचा मीटर पुन्हा सांगावा लागेल असं वाटलं. बाई म्हणाल्या, “वहिनींना समुद्राकाठी कॉर्निशवर न्या. लाकडी बोटी असतात, तिथल्या तिथे फिरवून आणतात. आणि बसायच्या आधी विचारा, आतली की बाहेरची.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “बाई, त्यांना वाटतंय तुम्हीच मीना.”

“वाटू दे. नाव काय वाईट नाही.”

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. पत्रात कारण होतं की त्या कस्टमर-फ्रेंडली नाहीत. मी ते पत्र वाचलं आणि मला वाटलं की कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. स्नेहभोजनवाल्यांपैकी एकजण तिकीट बदलायला आले होते, ते म्हणाले, “चला, ऑफिस शांत होईल आता.” घरी बाबांना सांगितलं तर त्यांनी ताटातून मान वर केली नाही. “तू तुझं सर्टिफिकेट घे आन् गप निघ.” बाबांवर राग धरता येत नाही. काउंटरवर ‘हां हां, तर’ म्हणत आलेला माणूस तो.

शेवटच्या दिवशी बाई मला त्यांचं परतीचं तिकीट दाखवायला आल्या. ते कंपनीने काढून दिलं होतं, सर्वांत स्वस्तातलं. त्यात बॅगेचं वजन धरलेलं नव्हतं. इतकी वर्षं राहिलेल्या बाईला त्यांनी हातातल्या पिशवीवर घरी पाठवायचं ठरवलं होतं.

“बघ,” त्या म्हणाल्या, “मलासुद्धा बाहेरची किंमत लावली.” आणि मोठ्याने हसल्या. अन्वर उठला आणि काही न बोलता त्याच्या कार्डावरून बॅगेचे पैसे भरून आला. बाईंनी त्याला मेल्या म्हटलं. कप धुऊन बॅगेत घातला. तेव्हा पहिल्यांदा टेबलावरची पाटी मला नीट दिसली. त्यांच्या आई-वडिलांनी ठेवलेलं नाव अगदी वेगळंच होतं.

त्यांच्यामागे क्रूझचं काउंटर माझ्याकडे आलं. काच स्वच्छ राहू लागली. माझं सर्टिफिकेट टाइप होऊन मॅनेजरच्या टेबलावर पडलं होतं. सही तेवढी राहिली होती. त्याने मला पोस्टरचा नवा गठ्ठा दिला आणि सांगितलं, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं.

एका शुक्रवारी दुपारी तिघंजण आले. इस्त्रीचे शर्ट घातलेले, केसांना पाणी लावलेलं. दारातच घुटमळले. मग त्यांतला मोठा पुढे आला.

“गायकवाडनं पाठवलंय आमाला. क्रेनवाला गायकवाड. मीना मॅडम हायेत का?”

मी काही म्हणायच्या आत केबिनचं दार उघडलं. “इधर कोई मीना नहीं है,” मॅनेजर म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातात पेन होतं.

तो माणूस मागे वळला. दुसऱ्याला म्हणाला, “चल, न्हाई म्हनत्यात.”

  बाईंच्या टेबलावर मार्कर अजून तसाच होता. मी तो उचलला, काचेपाशी गेले आणि त्या लठ्ठ आकड्याशेजारी लिहिलं. माझं अक्षर बाईंच्या इतकं मोठं आलं नाही.

“आहे मीना,” मी म्हटलं. “प्रत्येक तिकिटात असते. बसा, दाखवते. आणि आधी सांगा, व्हिसा कसला आहे?”